दुसऱ्या रकान्यातला आकडा

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळलं. बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. एकदोनदा विषय जवळपास आला तेव्हा मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. मागच्या महिन्यात सांगलीच्या इस्पितळात माझी छाती तपासली, तेव्हा मात्र उठून जायला जागा नव्हती. पायाखाली सरकणारा पट्टा होता, छातीला तारा चिकटवलेल्या होत्या आणि समोर भिंतीवर एक तक्ता होता. वय वाढेल तसा नाडीचा आकडा खाली उतरत जाणारा. पुरुषांचा रकाना वेगळा, बायकांचा वेगळा. पट्टा चालवणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या वयाला एवढी चढली म्हणजे झालं. याच्यावर आम्ही नेत नाही."

मी पट्टा थांबवायला सांगितलं. तिला वाटलं, मला दम लागला. दम लागला नव्हता. साठ वर्षांपूर्वी असा तक्ता माझ्याजवळ नव्हता, म्हणून माझी चूक झाली, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तक्ता समोर पाहिला आणि कळलं की ते खोटं आहे. तक्ता नव्हता हे खरं, पण माझ्या हातात घड्याळ होतं आणि माझ्यासमोर एका बाईनं हात पुढं केलेला होता.

सन त्रेचाळीसचा हिवाळा. मी एकवीस वर्षांचा होतो. पाचगणीच्या अलीकडे एका डोंगरावर छातीच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम होतं, तिथं कंपाउंडर होतो. पाणी खालच्या विहिरीवरून इंजिनानं वर चढवत. लढाईमुळं इंजिनाला तेल मिळेना, म्हणून खालच्या गावातली दहाबारा माणसं पाणी वाहायला लावली होती. पुरुष खांद्यावर कावड घेऊन येत, बायका डोक्यावर दोन घागरी घेऊन. विहिरीपासून वरच्या टाकीपर्यंत दोनशे दहा पायऱ्या. मी त्या मोजल्या होत्या. मला सगळंच मोजायची सवय होती.

त्या माणसांत एक साठीचा म्हातारा होता. त्याला सगळे वस्ताद म्हणत. गावची तालीम त्यानं पंचवीस वर्षं चालवली होती. मीही सांगलीत तालमीच्या मातीत वाढलो होतो, त्यामुळं त्याच्याकडं बघताना माझी मान आपोआप लवत असे. त्याचा मुलगा पलटणीत, परमुलखात होता. घरात म्हातारा आणि सून. सून पंचविशीची, अंगानं किरकोळ. तीही पाणी वाहायची.

वस्तादाची एक रीत होती. तालमीत पोरांना शंभर बैठका मारायला लावायच्या आणि मग तोंड मिटून उभं करायचं. ज्याची छाती हलताना दिसली त्याला पुन्हा पन्नास. तो स्वतः दोनशे दहा पायऱ्या चढून यायचा तो तोंड मिटूनच. कावड उतरवायचा आणि टाकीकडं तोंड करून थोडा वेळ उभा राहायचा. मला वाटायचं, पाणी कुठवर आलं ते बघतोय.

एका सकाळी पाणी वाहणारी एक बाई पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. घागर गडगडत खाली गेली, बाईचं कपाळ फुटलं. आरोग्यधामाचे चालक घाबरले. एखादा माणूस मेला तर गाव अंगावर येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, ज्यांचं हृदय दणकट आहे तेवढे आठ जण ठेवा, बाकीचे काढा.

डॉक्टरसाहेबांनी लढाईच्या सुरुवातीला भरतीत काम केलं होतं. त्यांच्याजवळ एकच नियम होता, विशीतल्या जवानांचा. माणसाला ओझ्यानिशी चढवायचं आणि वर येताच नाडी मोजायची. एकशेचाळीसच्या आत असली तर पास. वर गेली तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजायची. शंभराच्या खाली उतरली तर चालेल, नाही तर काढायचं. वहीत दोन रकाने आखून त्यांनी मला दिले. "साठीचा असो की बाई असो, पायऱ्या सगळ्यांना सारख्याच आहेत," ते म्हणाले. मला ते तेव्हा न्यायाचं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सून दवाखान्यात आली. अंगठ्याला ठेच लागली होती. मी पट्टी बांधत होतो तेव्हा ती दाराकडं बघून हळूच म्हणाली, "आवं कंपौंडर, उद्या नाडी बगनार म्हनं तुमी."

"हो."

"माजं नाव ऱ्हाऊ द्या. मामंजींचं काडा."

मला हसू आलं. "वस्तादाचं? ते तर सगळ्यांत दणकट."

"तुमी त्यास्नी वर आल्यावर म्होरनं बगितलंय कवा?" तिनं विचारलं. "टाकीकडं तोंड करून उबं ऱ्हात्यात ते कशापायी? दम दिसू नये म्हून. छातीत कळ येती त्यांच्या. राती भिताडाला टेकून बसत्यात. मी इचारलं तर म्हनत्यात, गप ऱ्हा, तालमीतली पोरं ऐकतील." ती थांबली. "मी दोगांच्या खेपा वडीन. मला कायबी हुत न्हाई. पर त्यास्नी कुनीतरी वरच्या मानसानं न्हाई म्हनाय पायजे. माजं ऐकायचं न्हाईत ते."

मी बघतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या दगडावर मी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. डॉक्टरसाहेब रोगी बघायला आत गेले होते. एकेक जण वर येई, ओझं उतरवी आणि माझ्यासमोर हात धरी. पुरुषांचं सोपं होतं. बायकांची पाळी आली तेव्हा सगळे सभोवती गोळा झाले. परक्या पुरुषानं बाईचं मनगट चारचौघांत धरायचं, ही गोष्ट त्या गावात कुणी पाहिली नव्हती. सुनेचा नवरा तर परमुलखात. ती वर आली, घागरी ठेवल्या, पदर ओढून घेतला आणि बांगड्या मागं सारून हात पुढं केला.

"आवं कंपौंडर," एक कावडवाला म्हणाला, "हात धरताय खरं, सोडायचं ध्यानात ऱ्हाऊ द्या."

सगळे हसले. माझे कान तापले. मी मोजलं. एकशेबावन्न.

"पाच मिनिटं बसा," मी म्हणालो.

ती बाजूच्या दगडावर बसली. पाच मिनिटं झाली. मी बघत होतो, तिचा श्वास केव्हाच खाली बसला होता. ती शेजारणीशी बोलत होती, शब्द तुटत नव्हते. वेळ झाली तशी तिनं आपण होऊन हात पुढं केला.

"पुन्यांदा?" तोच कावडवाला मागून बोलला. "येका डावात भागलं न्हाई व्हय?"

"ऱ्हाऊ द्या की," दुसरा म्हणाला. "पोरगं सांगलीचं हाय, हळदीच्या गावचं. लगीन ठरलं असंल त्याचं, हात धरायचा सराव करतंय."

पुन्हा हशा. तिनं हात मागं घेतला नाही. लाज तिची होती, गाव तिचं होतं, तरी ती हात पुढं धरून बसली, कारण त्या हातावर काय अवलंबून आहे ते तिला ठाऊक होतं. मी तो हात धरला नाही. मी वहीत मान घातली. पहिली एकशेबावन्न आहे, तर उतरून उतरून कितीशी उतरली असणार, असा हिशोब मनाशी केला आणि दुसऱ्या रकान्यात एकशेअठ्ठावीस लिहिलं. "झालं," म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं बांगड्या खाली केल्या.

वस्ताद शेवटी आला. तोंड मिटलेलं. टाकीकडं वळणार तोच मी त्याला बसवलं. एकशेसोळा.

"किती रं?" त्यानं विचारलं.

"एकशेसोळा."

"ऐका," कावडवाले एकमेकांना म्हणाले. "आपली शंभरावर तीस आन् म्हाताऱ्याची शंभरावर सोळा. दूद पिल्यालं अंग हाय त्ये."

नियमाप्रमाणं त्याची दुसरी मोजणी नको होती. पण सुनेचं बोलणं माझ्या कानात होतं, आणि खरं सांगायचं तर वस्तादाचा हात धरायला मला लाज नव्हती. लोक पांगले तसा मी पाच मिनिटांनी तो पुन्हा धरला. एकशेदहा. जेमतेम सहा ठोके उतरली होती. मध्येच एखादा ठोका येतच नव्हता. मनगट गार आणि ओलं होतं, नखं निळसर. त्याचं तोंड मिटलेलंच होतं, पण नाकपुड्या ताणलेल्या होत्या.

त्यानं वहीकडं पाहिलं. "लिवतोस काय?"

"तुम्हाला दुसरा रकाना लागत नाही, वस्ताद. नियमात बसता तुम्ही."

"मंग बसू दे," तो म्हणाला आणि हात काढून घेतला. त्या आवाजात हुकूम नव्हता. विनवणी होती. तालमीतला माणूस मला विनवतोय, याचंच मला मोठं वाटलं. मी तो रकाना कोरा ठेवला.

डॉक्टरसाहेबांनी दुपारी वही पाहिली. सुनेच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हिची उतरली नाही?"

"नाही साहेब."

"पाच मिनिटं नीट बसवली होतीस?"

"हो."

"मोजलीस?"

एवढा एकच प्रश्न होता. दार बंद होतं, आत आम्ही दोघंच, हसणारं कुणी नव्हतं. मी हो म्हणालो.

"बाईला काढ." मग ते वस्तादाच्या ओळीवर आले आणि खूष झाले. "साठीत एकशेसोळा. अरे, हे हृदय पलटणीत पाठवायला हवं." मी हसलो.

संध्याकाळी सून दवाखान्याच्या खिडकीशी आली. आत आली नाही. "माजी दुसऱ्यांदा कवा मोजली तुमी?"

"साहेबांनी ठरवलं ते."

"मामंजींचं?"

"ते नियमात बसले."

"तुमाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद तिच्या वाट्याच्या खेपाही ओढू लागला. माझ्या खिडकीतून शेवटच्या तीसेक पायऱ्या दिसत. मी औषधं खलता खलता त्याच्या खेपा मोजत असे. डोकं वर आलं की माझा हात चालू होई, यायला उशीर झाला की थांबे. तो टाकीकडं तोंड करून उभा राही. आता तो तसा का उभा राहतो ते मला ठाऊक होतं. सुरुवातीला मी पन्नास मोजेपर्यंत तो वळत असे. दहा दिवसांनी शंभर मोजले तरी पाठ तशीच.

एकदा मी उठून डॉक्टरसाहेबांच्या खोलीपर्यंत गेलो. ते एका नर्सला तापाचा आकडा अंदाजानं लिहिला म्हणून बोलत होते. "न मोजता लिहिणारा माणूस दवाखान्यात नको," हे शब्द मी दाराबाहेर ऐकले. तसाच परत आलो. माझी पहिली नोकरी होती, घरी सांगलीत माझ्या मोठेपणाच्या गोष्टी चालल्या होत्या. ही सबब नाही. काय झालं ते सांगतोय.

तीन आठवडे झाले असतील. सकाळी नवाच्या सुमाराला डोकं वर आलं, खांदे आले, आणि पुढं काही येईना. मी बाहेर धावलो. वस्ताद पायरीवर बसला होता. कावड त्यानं आधी नीट उतरवून ठेवली होती, पाण्याचा थेंब सांडला नव्हता. त्याच्या शेजारून दोन कावडवाले चढून गेले होते. तोंड मिटलेलं बघून त्यांना वाटलं, म्हातारा इसावा घेतोय. मी मनगट धरलं. आधी एका हाताचं, मग दुसऱ्या. मग गळ्याशी बोटं लावली. मी बराच वेळ मोजत राहिलो, मोजायला काही नव्हतं तरी.

गावात बोललं गेलं ते असं: सून सावलीत बसली आणि म्हाताऱ्याला कावडीला जुंपलं. दोघांच्या खेपा एकट्यानं वाहिल्या त्यानं. तिला दणकट हृदय नाही म्हणून काढली, हे कुणाला पटलं नाही. चांगली धडधाकट बाई, हिनंच काहीतरी करून सुटका करून घेतली असणार, असं बायका विहिरीवर तिच्यादेखत बोलत. तेराव्याला मी गेलो होतो. ती चुलीपुढं होती. कुणीतरी मला विचारलं, "कंपौंडर, तुमीच मोजलं न्हवं? काय झालं व्हतं हिला?" भांडी वाजायची थांबली. ती ऐकत होती. मी म्हणालो, "नाडी उतरत नव्हती." भांडी पुन्हा वाजू लागली.

चार महिन्यांनी नवरा रजेवर आला. गावानं त्याला सांगायचं ते सांगितलं. त्यानं तिला तिच्या भावाकडं पाठवून दिलं आणि परत आणलं नाही. हे मला औषध न्यायला आलेल्या एका माणसानं सांगितलं. मी त्याची बाटली भरून दिली. त्याच उन्हाळ्यात मी नोकरी सोडून सांगलीला आलो.

सांगलीत मला एका वयस्कर डॉक्टरांच्या दवाखान्यात काम मिळालं. एकदा मी त्यांना ही गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून विचारली. त्यांनी समोरचं फुलपात्र उचललं. "बाईचं हृदय आकारानं लहान. एका ठोक्याला रक्त थोडं निघतं. ओझं तेच, पायऱ्या त्याच, म्हणजे तिला ठोके जास्त लागणार. लहान भांड्यानं पिंप भरलं तर खेपा जास्त होतात, म्हणून भांडं गळकं नसतं. बघायचं ते हे, की थांबल्यावर नाडी किती झटकन खाली येते. झटकन आली तर बाई उत्तम."

"आणि म्हातारा?"

"वय होतं तशी नाडीची वरची हद्द खाली येते. तरण्याची जिथवर चढते तिथवर म्हाताऱ्याची चढूच शकत नाही. त्यातून रोग असला तर आणखी खाली. तुझ्या त्या माणसाची एकशेसोळावर थांबली ती ताकदीनं नाही. तिला त्याच्यावर जाता येईना. मोजणाऱ्यानं त्याचं तोंड बघायला हवं होतं."

मोजणाऱ्यानं तोंड बघितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्याला औषध द्यायला मी हरिपूरला गेलो. तिथं नदीकाठी जमिनीत खोल पेवं आहेत, त्यांत हळद साठवतात. एक पेव उघडलं होतं. बायका हळदीच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या आणि वर गाड्यांत ओतत होत्या. त्यातली एक मला बघून थांबली. चेहऱ्यावर, हातांवर, पापण्यांवर हळद.

"आवं," ती म्हणाली, "नाडीवालं कंपौंडर न्हवं तुमी?"

मी मान हलवली.

"म्हातारं झालासा की." मी सव्वीस वर्षांचा होतो. ती पाटी ओतून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आजून मोजताय का लोकांचं हात?"

"हो."

तिनं पिवळं मनगट पुढं केलं. बांगड्या नव्हत्या. "घ्या. हितं कोन हसत न्हाई."

मी घड्याळ काढलं. एकशेअठ्ठेचाळीस. ती गाडीच्या चाकाशी बसली. मी पाच मिनिटं उभा राहिलो. काटा सरकत होता आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. सुरुवात कुठून करायची, ताई म्हणायचं की बाई, वस्तादाचं आधी सांगायचं की तिचं. पाच मिनिटं झाली. मी मनगट धरलं आणि पूर्ण मिनिटभर मोजलं. शहाऐंशी.

"उतरली?"

"उतरली."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला आकडा नको होता, हे मला तेव्हाही कळत होतं. वाक्य माझ्या ओठांशी होतं. मुकादमानं वरून हाक मारली, "ए बाई, पाटी काय चालत यायची काय?" तरी ती उठली नाही. तिनं मला आणखी थोडा वेळ दिला.

"तब्येत सांभाळा," मी म्हणालो.

ती उठली, पाटी घेतली आणि चढाला लागली. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ते पेव रिकामं होऊन बुजवलं होतं आणि बायका कुठं गेल्या ते मुकादमाला सांगता येईना. त्यानंतर मी शोध केला नाही. केला असता तर सापडली असती, सांगली तेव्हा केवढीशी होती.

ते वाक्य असं होतं. बाई, त्या दिवशी तुम्ही हात पुढं केला होता आणि मी तो धरला नाही. दुसऱ्या रकान्यातला आकडा मी मनानं लिहिला. तुमच्या सासऱ्यांचा खरा आकडा मला ठाऊक होता, तो मी लिहिला नाही. तेराव्याला तुमच्या घरात बसून मी पुन्हा खोटं बोललो. तुमचं हृदय चांगलं होतं. तुम्ही त्यांना वाचवायला आला होता. मला क्षमा करा.